शिल्पं कशाची घडतात, का टिकतात, का नाहीशी होतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयांत, लेण्यांत आणि गणपतीच्या कारखान्यांत लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

जगभरच्या संग्रहालयांत दगडाचीच शिल्पं एवढी जास्त का? पूर्वीची माणसं मुख्यतः दगडच कोरत होती का?

कोरलं, ओतलं, लिंपलं पुष्कळ काही. त्यातला दगड उरला. लाकूड वाळवी खाते, ओल खाते, आगीत जातं. कच्ची माती पावसात विरघळते. धातूचं दुखणं वेगळंच. तो टिकतो, पण त्याला भाव असतो. लढाई आली, खजिना रिकामा झाला, नवा देव आला की जुने पुतळे भट्टीत जातात आणि त्यांची नाणी किंवा हत्यारं होतात.

ग्रीक शिल्पकारांचं मोठं नाव होतं ते ब्राँझच्या कामासाठी. त्यातले पूर्णाकृती पुतळे आज अगदी मोजके उरलेत, आणि तेही बहुतेक अपघातानं. डेल्फीचा सारथी दरड कोसळून गाडला गेला म्हणून वाचला. इटलीच्या दक्षिण टोकाजवळ, रियाचेच्या समुद्रात १९७२ च्या ऑगस्टमध्ये एका पाणबुड्याला वाळूतून वर आलेला हात दिसला आणि दोन योद्धे बाहेर निघाले. त्यांचे ओठ तांब्याचे आहेत, एकाचे दात चांदीचे. हे जहाजातून पडले नसते तर त्यांचं केव्हाच भांडं-कुंडं झालं असतं.

म्हणून एखाद्या समाजाला अमुक काम येत नव्हतं असं म्हणण्याआधी तिथली हवा, तिथली वाळवी आणि तिथल्या लढाया बघाव्यात. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा धागा हाच आहे.

संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी झाडाचं खोड का असतं?

छान प्रश्न, कारण याचं उत्तर पुतळ्यासमोर उभं राहून डोळ्यांनी पडताळता येतं. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. उभ्या माणसाचं सगळं वजन दोन घोट्यांवर येतं, आणि संगमरवराचे घोटे तिथेच तडकतात. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. शिवाय धातू चिवट असल्यानं तो एका पायावर भार टाकून, हात लांब करून आरामात उभा राहतो.

रोमन श्रीमंतांनी ग्रीक ब्राँझ पुतळ्यांच्या नकला संगमरवरात करवून घेतल्या, तेव्हा मूळ पुतळ्याची ऐट दगडाला पेलवेना. मग पायाला चिकटून खोड आलं, मांडी आणि मनगट यांच्यामध्ये आडवा दगडी दांडा आला. नेपल्सच्या संग्रहालयात पोम्पेईहून आलेला भालाधारी पाहा. मूळ ब्राँझ हरवलंय आणि आपण पाहतो ती टेकूसकटची नक्कल.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या उजव्या पायामागेही खोड आहे. तो ठोकळा आधीच्या दोन शिल्पकारांनी सुरुवात करून सोडून दिलेला होता. १५०१ ते १५०४ मध्ये त्यातून ५.१७ मीटर उंचीचा तरुण निघाला. त्याच्या घोट्यांत आणि त्या खोडात बारीक भेगा आहेत, त्यांच्यावर आजही लक्ष ठेवावं लागतं.

ग्रीक आणि रोमन शिल्पं पांढरीशुभ्र होती ना?

नव्हती. केस, ओठ, डोळे, कपड्यांचे काठ, मागची पार्श्वभूमी, सगळं रंगवलेलं असे. जमिनीत शतकानुशतकं पडून राहिल्यावर रंग गेला आणि जे पांढरं उरलं त्याच्या प्रेमात अठराव्या शतकातला युरोप पडला. जर्मन विद्वान विंकेलमान यांनी त्या शुभ्रतेला सौंदर्याचं मापच करून टाकलं. हे प्रेम इतकं वाढलं की १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं धातूच्या हत्यारांनी घासून ‘स्वच्छ’ केली गेली आणि मूळ पृष्ठभागच खरवडला गेला. आता अतिनील प्रकाशात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगांचे उरलेले कण शोधावे लागतात.

रंग टिकला तर काय दिसतं याचा नमुना बर्लिनमध्ये आहे. इजिप्तच्या राणी नेफरतितीचा अर्धपुतळा १९१२ मध्ये अमार्ना इथे थुटमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडला. आत चुनखडीचा दगड, वर जिप्समचा लेप, आणि त्यावरचे रंग जवळजवळ जसेच्या तसे.

आपल्याकडेही हेच झालंय. वेरूळच्या कैलास लेण्याला पूर्वी गावकरी ‘रंगमहाल’ म्हणत, कारण त्यावर चुन्याचा गिलावा आणि रंग होता. आज आपण काळ्या कातळाची भव्यता वाखाणतो. राष्ट्रकूटांनी दाखवायला केलं होतं ते रंगीत मंदिर.

दगडादगडांत फरक काय पडतो? कोरायचा तर कुठलाही कोरावा!

फरक इतका पडतो की शैलीचा निम्मा हिशेब खाणीतच लागतो.

सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. कठीण, काळा, मध्येच पोकळ्या आणि स्फटिकांच्या गाठी असलेला. त्यात नाजूक कंकणं कोरत बसणं महागात पडतं. म्हणून घारापुरीच्या त्रिमूर्तीत मोठे, शांत, भरदार आकार आहेत आणि परिणाम छाया-प्रकाशावर उभा आहे. उलट बेलूर-हळेबीडला होयसळांनी वापरलेला दगड शंखजिऱ्याच्या जातीचा. खाणीतून काढल्यावर मऊ, हवेत राहून हळूहळू कठीण होणारा. तिथल्या मदनिकांच्या गळ्यातले दागिने अंगापासून सुटे कोरलेले आहेत, मागून बोटभर उजेड दिसतो. हे कौशल्य थोर आहेच, पण त्याच कारागिराला बेसॉल्ट दिला असता तर त्यानं वेगळंच काहीतरी केलं असतं.

मथुरेचा ठिपकेदार लाल वालुकाश्म, गांधारचा करडा शिस्ट, श्रवणबेळगोळचा ग्रॅनाइट यांच्याबद्दलही असंच बोलता येईल. गोमटेश्वराची ५७ फुटी मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरमाथ्यावरच्या अखंड ग्रॅनाइटमधून काढली आहे. तिच्या अंगावर दागिना नाही, वस्त्र नाही, जवळजवळ सपाट गुळगुळीत त्वचा आहे. दिगंबर धर्मकल्पना आणि ग्रॅनाइटचा स्वभाव इथे एकमेकांना इतके जुळले आहेत की कोणामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही.

लोखंड नसताना इजिप्तच्या लोकांनी इतके कठीण दगड कसे कोरले?

दगडानं दगड. डोलेराइट या अतिकठीण दगडाचे गोळे हातात धरून ते पृष्ठभाग ठेचत राहत. तांब्याच्या करवतीखाली वाळू टाकत. कापायचं काम खरं तर वाळू करी, तांबं तिला फक्त पुढे-मागे ओढी. आस्वानच्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा अर्धवट स्तंभ अजून आडवा पडलेला आहे. काम चालू असताना भेग दिसली आणि सोडून दिला. त्याच्या बाजूच्या चरांत ठेचल्याचे खळगे ओळीनं दिसतात. परग्रहवासीयांची थिअरी मांडणाऱ्यांनी ते खळगे एकदा जवळून पाहावेत.

जेडची शिल्पं कशी कोरतात?

कोरतच नाहीत, झिजवतात. जेडच्या आत बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे छिन्नी मारली की हत्यारच बोथट होतं. चीनमध्ये, माया लोकांत, न्यूझीलंडच्या माओरींत या तिन्ही ठिकाणी, एकमेकांशी काही संबंध नसताना, लोक एकाच उपायावर आले: दोरी, लाकूड किंवा दगडाची पट्टी, सोबत ओली कठीण रेती, आणि अमाप वेळ. जेडच्या वस्तूंचे कोपरे असे गोलाईदार, हाताळल्यासारखे का वाटतात त्याचं कारण हेच.

धातूची मूर्ती ‘ओततात’ म्हणजे नेमकं काय करतात?

आधी मेणाची मूर्ती करतात, ती मातीत गाडतात, मेण वितळवून काढतात आणि रिकाम्या जागेत धातू ओततात. बारावं शतक उजाडेपर्यंत ही रीत भारतात इतकी मुरली होती की कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तिचं सविस्तर वर्णन आहे. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटीमीटरची नर्तकी याच पद्धतीची, म्हणजे पद्धत त्या ग्रंथाहून तीन हजारांहून अधिक वर्षं जुनी.

तमिळनाडूतल्या स्वामीमलईत हे काम आजही चालतं. मधमाशीचं मेण, राळ आणि थोडं तेल एकत्र करून जे तयार होतं ते बोटांच्या उबेनं वळतं आणि गार झालं की घट्ट राहतं. मापासाठी नारळाच्या झावळीची पट्टी घेतात. मूर्तीच्या उंचीएवढी ती कापायची आणि ठराविक घड्या घालायच्या. त्या घड्यांवरून चेहरा कुठे संपतो, नाभी कुठे येते, गुडघा कुठे हे ठरतं. फूटपट्टी लागत नाही, मूर्ती लहान असो की मोठी.

मेणाच्या मूर्तीवर पहिला हात कावेरीच्या अतिबारीक गाळाचा. हा थर सगळ्यात महत्त्वाचा, कारण नखाएवढी रेघसुद्धा तोच उचलतो. तो सावलीत वाळवतात. मग जाड, रेतीमिश्रित मातीचे थर, वरून लोखंडी तारा आवळलेल्या. साचा गोवऱ्यांवर तापवला की मेण भोकातून वाहून जातं. ते मेण आधीच तोलून ठेवलेलं असतं. मेणापेक्षा ब्राँझ साधारण नऊपट जड, त्या हिशेबानं धातू घ्यायचा. साचा जमिनीत पुरून एका दमात ओतायचं. धार मध्येच तुटली तर मूर्तीत सांधा पडतो. गार झाल्यावर साचा फोडतात. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती, दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून.

बस्तरचं ढोकरा काम याच कुळातलं, पण तिथे आत मातीचा गाभा असतो आणि त्यावर मेणाच्या बारीक शेवया गुंडाळतात. त्यामुळे ढोकऱ्याच्या घोड्याच्या अंगावर दोरा गुंडाळल्यासारख्या रेघा दिसतात. त्या कोरलेल्या नाहीत, मेणाच्या आहेत.

पंचधातूच्या मूर्तीत खरोखर पाच धातू असतात का?

नेहमीच नाही, आणि असले तरी समान वाटणी समजू नका. जुन्या दक्षिणी मूर्तींच्या तपासण्यांत बहुतांश तांबंच निघतं, त्यात थोडं कथील, शिसं किंवा जस्त. सोनं-चांदी असलं तर नावापुरतं. यजमानानं ओतण्याच्या वेळी भट्टीत टाकलेला एखादा मणी. ती श्रद्धेची भर आहे. किलोच्या भावानं ‘सोनं घातलंय’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

‘बेनिन ब्राँझ’ वरून वाद का चालू आहे?

आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याच्या राजवाड्यात धातूचे शेकडो फलक, राजांची मस्तकं, प्राणी होते. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेनं शहर जाळलं आणि हे सगळं लुटून नेलं. ते लिलावांतून युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत पोचलं. जर्मनीनं २०२२ मध्ये काही वस्तू परत केल्या, इतर काही संस्थांनीही. सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक लंडनमध्येच आहे. माझं मत स्पष्ट आहे: जाळलेल्या घरातून उचललेल्या वस्तूची ‘आम्ही नीट सांभाळली’ ही सबब चालत नाही.

सामग्रीच्या अंगानंही ही कथा विलक्षण आहे. यातले बहुतेक फलक पितळेचे. पोर्तुगीज व्यापारी पश्चिम आफ्रिकेत हस्तिदंत, मिरे आणि गुलाम यांच्या बदल्यात पितळी कडी देत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभ्यासातून त्या कड्यांचं पितळ जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातल्या खनिजाचं असल्याचं पुढे आलं. माणसं विकून आलेला धातू बेनिनच्या ओतारींनी वितळवला आणि राजाच्या इतिहासाचे फलक केले.

आफ्रिकेत लाकूडच का? आणि लाकडाचं शिल्प टिकतं तरी किती?

फक्त लाकूड नव्हतं. नायजेरियातच नोक संस्कृतीच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत, इफेची जवळजवळ शुद्ध तांब्याची मस्तकं आहेत. पण दमट विषुववृत्तीय हवेत लाकडाला फार आयुष्य नाही, त्यामुळे उरलेली लाकडी शिल्पं बहुधा गेल्या एक-दोन शतकांतलीच. जुनं कुजलं की नवं घडवायचं, अशी ती परंपरा होती. आणि हे काम निनावी होतं ही समजूतही चुकीची. नायजेरियातल्या योरुबा समाजाचे शिल्पकार ओलोवे यांनी इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेलं दार १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात मांडलं गेलं. ब्रिटिश म्युझियमला ते हवंसं झालं. इकेरेच्या राजानं पैसे न घेता बदल्यात ब्रिटिश बनावटीचं सिंहासन मागितलं आणि ओलोवेंकडून दुसरं दार करवून घेतलं.

लाकूड जपलं तर टिकतं. जपानमधल्या नारा शहरात तोदाइजी मंदिराच्या दाराशी आठ मीटरांहून उंच दोन द्वारपाल १२०३ पासून उभे आहेत. उन्केई आणि काइकेई यांच्या हाताखालच्या चमूनं ते ६९ दिवसांत उभे केले. एवढं मोठं खोड मिळत नाही आणि मिळालं तरी वाळताना फाटतं. म्हणून सरूच्या जातीच्या हिनोकी लाकडाचे हजारो तुकडे वेगवेगळे कोरून जोडले, आतून पोकळ ठेवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्तीसाठी ते उतरवले तेव्हा पोकळीत मूळ कागदपत्रं सापडली.

ईस्टर बेटावरचे पुतळे माणसांनी हलवले कसे?

बहुधा चालवत नेले. मोआई, म्हणजे हे पुतळे, ज्या दगडाचे, तो ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड रानो राराकू या एकाच डोंगरात मिळतो; तिथे अर्धवट सोडलेले सुमारे ४०० पुतळे आजही दिसतात. २०१२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सव्वाचार टनांहून जड प्रतिकृती दोरांनी आलटून पालटून डुलवत, १८ माणसांच्या बळावर शंभरेक मीटर पुढे नेली. जड कपाट आपण घरात असंच सरकवतो. त्या पुतळ्यांच्या डोळ्यांत पांढरं प्रवाळ बसवलेलं असे. ते पडून गेल्यामुळे आज बहुतेक पुतळे आंधळे दिसतात.

हस्तिदंताची शिल्पं आता विकत घेता येतात का?

भारतात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा व्यापार बंद आहे, आफ्रिकेतून आलेला दंतसुद्धा त्यात आला.

पण हस्तिदंताची एक गोष्ट सांगायलाच हवी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इटलीतलं पोम्पेई शहर गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात पाव मीटरभर उंचीची भारतीय स्त्रीची हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती आकृती मराठवाड्यात, तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत, त्यामुळे ती दख्खनमध्ये घडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. उलट दिशेचा पुरावा कोल्हापुरात आहे: ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती निघाली, ती टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळते. कोल्हापूरला जाऊन फक्त अंबाबाई आणि तांबडा-पांढरा रस्सा करून परतणाऱ्यांनी अर्धा तास तिथे काढावा.

शाडू आणि पीओपी यात खरा फरक काय?

शाडू ही कच्ची चिकणमाती. भाजलेली नसल्यानं पाण्यात पुन्हा चिखल होते. पीओपी म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस, जिप्सम तापवून केलेली पूड. पाणी घातलं की तिचं पुन्हा जिप्सम होतं, आणि ते एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून विसर्जनानंतर मूर्ती तशीच पडून राहते. वरचा रंग हा आणखी वेगळा त्रास. हलकी आणि सुबक म्हणून पीओपी कारखानदाराला परवडते, हेही खरं.

प्लॅस्टरला मात्र नुसत्या शिव्या देऊ नका. मातीतलं काम ब्राँझमध्ये नेण्याच्या वाटेवर प्लॅस्टर हा जुना टप्पा आहे, आणि गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लॅस्टरचीच.

मुद्दाम नष्ट व्हावं म्हणून शिल्प करणारे आपणच का?

मुळीच नाही. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावर मृतांच्या विधीसाठी महिनोन्‌महिने खपून मलांगन नावाची लाकडी शिल्पं करतात आणि विधी संपला की ती कुजायला सोडत किंवा जाळत. युरोपीय संग्राहक आल्यावर ती विकण्याचीही सोय झाली! अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचे झुनी लोक युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती उघड्या ठाण्यांवर ठेवतात. त्या ऊनपावसात झिजून मातीत मिळणं हेच त्यांचं काम. त्या चोरून संग्रहालयांत नेल्या, वातानुकूलित कपाटांत जपल्या, आणि झुनींच्या दृष्टीनं हाच अपराध ठरला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी एकेक करून त्या परत मागितल्या आणि पुष्कळ मिळवल्या. आता त्या पुन्हा उघड्यावर आहेत, चोरांपासून बंदिस्त पण आभाळाला खुल्या.

नव्या काळात कशाकशाची शिल्पं झाली?

कशाचीही. अलिबागजवळच्या सासवण्याला नानासाहेब करमरकरांच्या घरी सिमेंटची माणसं आणि जनावरं आहेत. म्हैस इतकी हुबेहूब की बघणारा दोन पावलं मागे सरतो. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा ब्राँझ पुतळाही त्यांचाच. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांचं रॉक गार्डन केलं. घानात जन्मलेले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं तांब्याच्या तारेनं शिवून भिंतभर पडदे करतात.

सगळ्यात उंच पुतळा?

गुजरातमधला सरदार पटेलांचा, १८२ मीटर. शिल्पकार राम सुतार, मूळ धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. आत काँक्रीट आणि पोलाद, बाहेर ब्राँझचे पत्रे. न्यूयॉर्कच्या लिबर्टीचंही असंच, फक्त तिचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड आहे. आतला लोखंडी सांगाडा तांब्याला लागून गंजला, म्हणून १९८० च्या दशकात त्याच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या.

‘संगमरवरी’ म्हणून विकतात ती मूर्ती खरी कशी ओळखायची?

हात लावा. खरा दगड गारढोण लागतो आणि आकाराच्या मानानं जड असतो. दगडाची पूड आणि रेझिन यांची ओतीव मूर्ती कोमट लागते. काखेत, कानामागे, बैठकीच्या कडेला साच्याची बारीक शीर शोधा. दुकानात तीच मूर्ती त्याच नाकाडोळ्यांची दहा वेळा मांडलेली असेल तर विचारायचीही गरज नाही. रेझिनची मूर्ती घेण्यात वाईट काही नाही, फक्त दगडाचा भाव देऊ नका.

घरातल्या मूर्ती कशा स्वच्छ कराव्यात?

संगमरवरीला लिंबू, चिंच, व्हिनेगर लावू नका; संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लानं तो खरवडतो. रोजच्या पंचामृतातलं दहीही वर्षानुवर्षं झिलई खातं. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबवायला वेळोवेळी रासायनिक लेप द्यावे लागले आहेत. घरी अभिषेक लहान धातूच्या मूर्तीवर करावा आणि दगडाच्या मूर्तीला साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

पितळेच्या रोजच्या देवांना चिंच चालते, पण नंतर पाण्यानं नीट धुऊन लगेच कोरडं करा. आजी-पणजीच्या वेळची जुनी ब्राँझ मूर्ती असेल तर घासू नका. तिच्यावरचा तपकिरी-हिरवा थर धातूचं रक्षण करतो, आणि नाकाची, बोटांची धार दर घासण्याबरोबर थोडी थोडी जाते. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर तो चालू गंज आहे. मूर्ती कोरड्या जागी ठेवा आणि संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवा.